थांबण्याची विद्या

आमच्या घरीं नवा पाहुणा आला, म्हणजे तो आधीं माझी प्रकृति विचारीत नाहीं, अंगणांत उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवून "ही अजून चालते का हो?" असें विचारतो. हा प्रश्न करतांना त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाचें आणि अविश्वासाचें जें मिश्र हसूं उमटतें, तें मीं आजवर इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, त्याचें उत्तरहि माझ्या तोंडीं ठरून गेलें होतें. "चालते? अहो, धांवते!" असें मी मोठ्या ऐटीनें सांगत असें. या उत्तरांत खोटें कांहीं नव्हतें. पण खरें होतें तेंहि अर्धेंच होतें, हें समजावयाला मला खंडाळ्याचा घाट उतरावा लागला. गाडी चालते का, हें सगळे विचारतात. ती थांबते का, हें मला कुणीं कधीं विचारलें नाहीं, आणि मींहि तो प्रश्न स्वतःला कधीं विचारला नव्हता.

ओवे हें आमचें गांव पनवेल तालुक्यांत, खारघरच्या डोंगराजवळ आहे. माझ्या लहानपणीं गांवाभोंवतीं भाताचीं खाचरें होतीं. पावसाळ्यांत गांव बेटासारखें दिसे, आणि आश्विन सरतां सरतां त्या साऱ्या पाण्याचें सोनें झालेलें असे. १९७६ सालीं माझ्या वडिलांनीं एका व्यापाऱ्याकडून वापरलेली पिकअप विकत घेतली. पुढें तिघांना अंग चोरून बसतां येईल एवढी जागा, आणि मागें उघडा हौदा. तिचें कुळ जीपचें. दुसऱ्या महायुद्धांत जन्मास आलेल्या जीपगाड्या १९४७ पासून महिंद्र मंडळी मुंबईंत जोडूं लागली, आणि त्या जातीच्या गाड्या हळूहळू आपल्या खेड्यापाड्यांत शिरल्या. आमच्या गाडीनें भाताचीं पोतीं पनवेलच्या बाजारांत नेलीं, येतांना खत आणि मीठ-मिरची आणली, गांवचीं वऱ्हाडें वाहिलीं. एका मध्यरात्रीं तिनें अडलेली एक बाळंतीण दवाखान्यांत पोंचविली. त्या वेळीं जन्मलेला मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत आला आहे.

१९७० नंतर खाडीपलीकडे नव्या शहराची आंखणी झाली, आणि तें शहर वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आलें. जमिनी गेल्या, इमारती उभ्या राहिल्या. २०१६ मध्यें आमचें गांव पनवेल महानगरपालिकेंत सामील झालें. २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रोगाडीहि जवळून धांवूं लागली. शेत गेलें, बैल गेले, शेवटीं वडीलहि गेले. राहिली ती ही गाडी. म्हणून मीं मनाशीं व्रतच घेतलें होतें, कीं वडिलांनीं जशी ठेवली तशीच ती ठेवावयाची; तिचा एक खिळाहि बदलावयाचा नाहीं. रंग उडाला तर तोच रंग द्यावा, कांच फुटली तर तशीच कांच शोधावी. मूळचें तें मूळचें! आपल्या पूर्वजांच्या वस्तूंविषयीं आपण असा हट्ट धरतों, तेव्हां त्यांत भक्ति किती आणि मिरवण्याची हौस किती, याचा हिशेब करण्याच्या भानगडींत कुणी सहसा पडत नाहीं. मींहि पडलों नाहीं.

तीन वर्षांपूर्वींच्या आषाढांतली गोष्ट. पुण्याच्या माझ्या एका दिवंगत स्नेह्याचा ग्रंथसंग्रह त्याच्या मुलांनीं मला देऊं केला. एवढीं पुस्तकें आणावयाची तर आपल्याच गाडींतून आणावीं, असें मीं ठरविलें. पत्नी आणि नात बरोबर होत्या. हौदा पुस्तकांनीं भरला, वर ताडपत्री बांधली, आणि दुपार कलतांना आम्हीं जुन्या रस्त्यानें घाट उतरूं लागलों. पाऊस भुरभुरत होता. मी आनंदांत होतों. इतका, कीं ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा वडिलांचा नियम मी विसरलों. वरच्या गिअरमध्यें गाडी मोकळी सोडून मी पायानें ब्रेक दाबीत चाललों होतों.

शिंग्रोबाचें देऊळ अजून खालीं होतें. एका वळणावर मीं पाय दाबला आणि तो चिखलांत रुतावा तसा खालीं गेला. पुन्हां दाबला, तो तळाला टेकला. पुढें एक मोटारसायकल चालली होती. तिच्यावर नवरा-बायको, आणि मध्यें प्लॅस्टिकचा कागद पांघरलेलें एक मूल. भोंगा वाजविला तर तो माणूस दचकून घसरेल, आणि न वाजविला तर आमची गाडी त्याच्यावर जाईल, असा तो क्षण होता. मीं हातब्रेक ओढला, दांडा खडखडवीत खालच्या गिअरमध्यें घातला, आणि डोंगराच्या बाजूला सडकेच्या कामासाठीं पडलेल्या खडीच्या ढिगांत गाडीचें तोंड खुपसलें. आम्हीं थांबलों. मोटारसायकल पुढच्या वळणाआड निघून गेली. आपल्या पाठीमागें काय होतें, हें त्या तिघांना बहुधा कधींहि कळणार नाहीं.

नात रडली, आणि थोड्या वेळानें निवळली. पत्नी मात्र घरीं येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीं. रात्रीं पान वाढतांना ती म्हणाली, "अहो, गाडी विका असं मी म्हणणार नाही. मामंजींची आठवण आहे ती. पण आतां मी तिच्यांत बसणार नाही, आणि पोरीलाहि बसवणार नाही." एवढें बोलून तिनें आमटी वाढली. तिचा आवाज चढला असता, तर वाद घालतां आला असता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मी आयुष्यभर विज्ञान शिकविलेला माणूस. पाटीवर मांडावें तसें गणित मनांत मांडूं लागलों. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारें ५०० मीटरांचा. भरलेली गाडी समजा दोन टनांची. एवढें वजन तेवढ्या उंचीवरून खालीं आणतांना जी शक्ति जिरवावी लागते, ती सगळी उष्णतेंत आणली तर तीस लिटरांहून अधिक पाण्याला उकळी फुटेल! योग्य गिअर घातला असता, तर त्यांतला मोठा वांटा इंजिनानें सोसला असता. मीं तो सगळा चार चाकांच्या ब्रेकांवर टाकला. आमच्या गाडीचे ब्रेक ड्रमचे. म्हणजे चाकाच्या पोटांत लोखंडी डबा, आणि त्या डब्याच्या आंतल्या बाजूला घांसणारे दोन अर्धगोल लायनर. डबा तापला कीं फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. लायनर तापला कीं त्याची पकड सुटते. आणि नळ्यांतलें ब्रेक ऑइल हवेंतला ओलावा शोषून घेत असतें. तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं, तर थोड्या उष्णतेनेंहि उकळूं लागतें. उकळलें कीं त्याची वाफ होते. तेल दाबलें तर दाबाला दाब देतें. वाफ दाबली तर नुसती दबते. माझा पाय तळाला गेला तो त्या वाफेमुळें. तें ऑइल मीं किती वर्षें बदललें नव्हतें, तें येथें लिहावयाची मला लाज वाटते. दोष गाडीचा नव्हता; गाडीला जपतों असें म्हणणाऱ्याचा होता.

त्याच घाटांतून आगगाडी १८६३ पासून जाते. १८६९ मध्यें उतरणाऱ्या एका गाडीचे ब्रेक लागले नाहींत आणि मोठा अपघात झाला, ही गोष्ट मीं वर्गांत पुष्कळदां सांगितली होती. घाट उतरणाऱ्या गाड्यांना वाटेंत ठराविक ठिकाणीं थांबावें लागतें. न थांबतां आलेली गाडी मुख्य रुळावरून न जातां चढावर नेलेल्या एका आंधळ्या फांट्यावर जावी, अशी तेथें योजना असते. म्हणजे ज्या गाडीनें थांबून दाखविलें, तिलाच पुढें जाण्याची परवानगी! मुलांना हें सांगतांना मला त्या योजनेचें मोठें कौतुक वाटे. माझ्याच अंगणांतल्या गाडीला मीं ती परीक्षा कधीं दिली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यांत गाडी कळंबोलीच्या एका गॅरेजांत नेली. तेथील उस्ताद पनवेलचे; ट्रकांच्या कमानी आणि ब्रेक दुरुस्त करण्यांत त्यांचें सारें आयुष्य गेलेलें. दरम्यान अमेरिकेंत मिशिगनमध्यें असलेल्या माझ्या भाच्याला मीं सारी हकीगत कळविली होती. त्याचें उत्तर तत्काळ आलें. तिकडे जुन्या पिकअप गाड्या हौसेनें सुधारण्याचा मोठा प्रघात आहे. १९७३ मध्यें निघालेल्या मस्टँग-दोन नांवाच्या छोट्या फोर्ड मोटारीची पुढची जोडणी सुटसुटीत. तिच्या नमुन्यावर केलेले तयार सांगाडे मिळतात, आणि लोक जुन्या गाडीचा पुढला आंस कापून ते बसवितात. मग पुढचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वर-खालीं होतें, आणि ब्रेकहि तबकडीचे, म्हणजे डिस्कचे मिळतात. "मामा, एकदां करून टाका, गाडी लोण्यासारखी चालेल," असें भाच्यानें लिहिलें होतें.

मीं तें पत्र उस्तादांना वाचून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "गुरुजी, भाचेबुवा सांगतात तें खोटं नाही. तुमच्या गाडीचीं पुढचीं दोन चाकं म्हणजे एका जुंवाखालचे दोन बैल. एकाचा पाय खड्ड्यांत गेला, कीं दुसऱ्याची मान ओढली जाते. स्वतंत्र चाकांना ती ओढ नाही. पण ही चौकट कमानीच्या दोन टोंकांवर भार घ्यायला बांधलेली आहे. ती कापून मधेंच दुसरं कांहीं जोडलं, तर सगळा भार माझ्या वेल्डिंगवर येणार. हौद्यांत पुस्तकं भरून, श्रावणांतल्या खड्ड्यांतून तुम्ही नातीला घेऊन जाणार. माझ्या वेल्डिंगवर माझा विश्वास आहे. पण एवढा नाही."

स्वतःच्या कारागिरीची मर्यादा इतक्या स्वच्छपणें सांगणारा कारागीर मला फार मोठा वाटला. आंस तसाच ठेवावयाचा, कमानी बदलावयाच्या, आणि ब्रेक मात्र पुढच्या चाकांना डिस्कचे बसवावयाचे, असें ठरलें. पुढच्याच चाकांना कां, हें कुणालाहि पटेल. धांवतां धांवतां आपण एकदम थांबलों तर पुढें झोंक जातो, गाडीचाहि जातो. ब्रेक लागतांच भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबण्याच्या कामांत निम्म्याहून पुष्कळ अधिक वांटा त्यांचाच असतो. डिस्क उघड्या हवेंत फिरते, लवकर निवते, पाणी उडालें तरी चटकन् कोरडी होते. आणि तापून जाड झाली तर पॅडपासून दूर न जातां त्यांच्या जवळच येते. लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरानें १९०२ मध्यें या कल्पनेचें पेटंट घेतलें. १९५३ मध्यें ल मां येथील शर्यत जग्वार गाडीनें असे ब्रेक लावून जिंकली, तेव्हां जगाला त्यांची खरी किंमत कळली. अधिक वेगानें जावयाचें असेल तर आधीं अधिक चांगलें थांबतां यावें लागतें, हें तेथें शर्यत खेळणारांना उमगलें होतें.

काम सुरूं करण्यापूर्वीं कायद्याचीहि विचारपूस केली. नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेल्या मूळच्या तपशिलांशीं विसंगत असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें पुन्हां ठासून सांगितलें आहे. आम्हीं चौकट कापणार नव्हतों, इंजिन बदलणार नव्हतों; त्याच जातीच्या पुढील काळांतल्या गाड्यांना येणारे हब आणि ब्रेक बसविणार होतों. तरीहि मीं लेखी अर्ज केला, आणि काम झाल्यावर गाडी तपासून घेतली. रस्ता हा कांहीं माझ्या अंगणाचा भाग नव्हे. माझ्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, याच्याशीं त्या मोटारसायकलवरच्या मुलाचा माझ्याइतकाच संबंध आहे.

कमानी उतरविल्या त्या दिवशीं मी तेथें होतों. उस्तादांनीं पाटे एकेक सुटे करून जमिनीवर मांडले, आणि एक पाटा हातांत घेऊन ते हसले. "गुरुजी, तुम्ही म्हणत होतां, गाडी मूळची आहे. हा पाटा हिचा नव्हे." मीं पाहिलें. तो पाटा बाकीच्यांपेक्षां जाड होता; कुठल्या तरी ट्रकचा असावा. त्याचीं टोंकें हातानें कापलेलीं, आणि मधलें भोंक भात्यावर तापवून पाडलेलें. आमच्या गांवच्या लोहाराचा हात तो! पोत्यांचा भार वाढला तेव्हां वडिलांनींच तो घालून घेतला असला पाहिजे. पुढें पाहतां पाहतां आणखी गोष्टी सांपडल्या. एक शॅकल निराळा, ब्रेकची एक नळी तांब्याची, स्टिअरिंगच्या दांड्याला दुसऱ्याच गाडीचें टोंक. ज्या मूळ रूपाचें मी व्रत पाळीत होतों, तें मुळीं कधीं नव्हतेंच. वडिलांनीं ती गाडी जपली ती तिला न बदलून नव्हे. काम पडेल तशी तिला बदलीत बदलीत त्यांनीं ती जपली. त्यांनीं जें केलें तें मीं जतन करीत होतों, आणि तें कां केलें, तें विसरलों होतों.

यानंतर माझा उरलासुरला संकोच गेला. पण काम मात्र वाढत चाललें. "गाडीला एक नवा अवयव दिला, कीं बाकीचे सगळे विचारतात, आमचं काय?" हें उस्तादांचें वाक्य मला तेव्हां विनोद वाटलें, आणि मग पदोपदीं पटूं लागलें. डिस्क बसली, तर तिचा कॅलिपर जुन्या रिमला घांसूं लागला. रिम बदलाव्या लागल्या. कॅलिपरला ऑइल अधिक लागतें, म्हणून मोठा मास्टर सिलिंडर हवा. मोठा सिलिंडर घेतला, कीं पायाला जोर अधिक लागतो, म्हणून बूस्टर हवा. जुन्या सिलिंडरांत एकच कप्पा होता; कुठेंहि नळी फुटली तर चारहि चाकें निराधार. नव्यांत दोन कप्पे. एक गेला तरी दुसरा उरतो. ड्रमच्या ब्रेकांसाठीं नळींत थोडा दाब अडवून ठेवणारी एक लहानशी झडप असते. ती काढावयाची राहिली, तर डिस्कवर पॅड सदैव टेकून राहतात आणि नुसत्या चालण्यानेंहि चाक तापतें. ब्रेकचा जोर वाढला, तर तो आंसाला पिळतो, आणि तो पीळ शेवटीं कमानींना सोसावा लागतो. म्हणून मऊ पडलेले पाटे चालत नाहींत. किंगपिन झिजलेली असेल, तर जोरानें थांबतांना स्टिअरिंग हातांत थरथरतें. आणि मागच्या ब्रेकांचा मेळ पुढच्यांशीं नीट बसला नाहीं, मागचीं चाकें आधीं जखडलीं, तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. अर्धी सुधारणा ही कित्येकदां मूळच्या दोषाहून वाईट, ही गोष्ट मीं पुस्तकांत वाचली होती; कळंबोलीला ती हाताला तेल लागून शिकलों.

दोन महिने लागले, आणि खर्चहि माझ्या निवृत्तिवेतनाला जाणवेल एवढा झाला. इंजिनाला मात्र आम्हीं हात लावला नाहीं. गाडीचा वेग पूर्वीं होता तेवढाच आहे. इतका खर्च करून गाडी तसूभरहि जलद धांवत नाहीं, हें ऐकून शेजाऱ्यांनीं माझी कींव केली.

पत्नीला मीं गाडींत बस असें म्हटलें नाहीं. म्हणण्याचा अधिकार मला उरला आहे, असें वाटलें नाहीं. ती रोज गाडीकडे पाही. कधीं कधीं पदर खोंचून टपावरचीं पानें झाडी. पण दार उघडीत नसे. पुढें पुण्याला एका भाचीचें लग्न निघालें. निघण्याच्या दिवशीं पहाटे मी बॅग घेऊन बाहेर आलों, तों पत्नी आणि नात गाडींत बसलेल्या! "उशीर होतोय," एवढेंच ती म्हणाली.

परततांना घाटाच्या माथ्यावर मीं गाडी बाजूला घेऊन उभी केली. खालचा गिअर घातला, एकदां ब्रेक दाबून पाहिला. नात म्हणाली, "आजोबा, ब्रेक तर नवे आहेत, मग थांबायचं कशाला?" मीं तिला आगगाडीची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी पटली नसावी. मग आम्हीं उतरूं लागलों. गाडी इंजिनाच्या संथ घुमण्यावर चालली होती. पायाला काम फारसें नव्हतेंच. तें खडीचें वळण आलें. मागच्या वेळीं पत्नी जी गप्प बसली होती, ती आठवण होऊन माझे हात चक्रावर घट्ट झाले. मीं तिच्याकडे पाहिलें नाहीं.

"अहो," ती म्हणाली, "मोरीचा नळ गेले पंधरा दिवस गळतोय. मी सांगते, आणि तुम्ही नुसतं हूं हूं करतां."

वळण मागें पडलें. मग तिनें लग्नांतल्या जेवणावर टीका केली, विहीणबाईंच्या शालूची किंमत सांगितली, आणि खोपोली येईपर्यंत ती क्षणभरहि थांबली नाहीं. शिंग्रोबापुढें मीं नेहमींप्रमाणें गाडी हळूं केली, आणि हात जोडले. नातीनें नाणें टाकलें. पत्नीनें बोलतां बोलतांच नमस्कार केला, आणि पुन्हां नळावर आली.